स्थानपोथी आणि नवा नकाशा

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावायचा आणि लगेच घरात जाऊन करंज्यांचे ताट पुढे ओढायचे, ह्यात आपल्याला कधी विसंगती वाटलेली नाही. तेव्हा दिवाळी अंकात स्मशानभूमीविषयी चार शब्द वाचावे लागले म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. शिवाय मी ज्याचे परीक्षण करणार आहे ती वस्तू स्मशान नव्हे, तो एक नकाशा आहे.

त्याचे असे झाले. माझा एक पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या वर्षभरात त्याने सुट्टीचे दिवस खर्चून आमच्या जुन्या गावच्या रुद्रभूमीचा एक नकाशा तयार केला. गाव लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. फोनवर तो नकाशा उघडायचा, वरच्या चौकटीत नाव लिहायचे, की खाली त्या माणसाच्या समाधीच्या जागी एक तांबडा ठिपका उमटतो. ठिपक्यावर बोट ठेवले की नाव, साल आणि अक्षांश-रेखांश दिसतात. पुतण्याने तो माझ्याकडे नांदेडला पाठवला आणि वर लिहिले, "काका, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिलंत. आता ह्याच्यावर लिहा. भीड धरू नका."

भीड न धरण्याचे मी मान्य केले, कारण मलाही ह्या वस्तूविषयी एक समीक्षकी कुतूहल वाटू लागले होते. नकाशा हीही एक रचनाच असते. काय घ्यायचे, काय गाळायचे, कोणाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि कोणाचे मुळीच नाही, हे ठरवणारा कोणीतरी असतो. कादंबरीकाराला विचारतो ते प्रश्न मग नकाशाकाराला का विचारू नयेत?

पहिल्यांदा विषयवस्तू सांगतो, कारण पुष्कळ वाचकांना ती परिचयाची नसेल. लातूर-नांदेडकडे लिंगायत समाज मोठा आहे आणि लिंगायतांत दहन नाही. देह खड्ड्यात बसवतात, हातात इष्टलिंग असते, भोवती विभूती आणि बेलाची पाने असतात, आणि जंगम विधी सांगतो. गेलेल्या माणसाला 'लिंगैक्य झाला' असे म्हणतात. ज्याची शेती आहे तो बहुधा आपल्याच शेतात, बांधाकडेला जागा धरतो. बाकीच्यांसाठी गावची रुद्रभूमी. वर कोणी चौथरा बांधतो, कोणी नुसते चार दगड मांडतो. दगडांवर नाव कोरण्याची रीत आमच्याकडे फार जुनी नाही. नाव गावाला माहीत असायचे.

आता नकाशाकडे. प्रथमदर्शनी तो देखणा आहे. वरून घेतलेल्या छायाचित्रावर ठिपके पेरलेले आहेत, आणि ते पाहताना एखाद्या रांगोळीची आठवण होते. पण चांगल्या निवेदकाचा पहिला गुण असतो तो आपल्याला किती ठाऊक आहे ह्याची खरी कल्पना देण्याचा. तिथेच हा नकाशा अडखळतो. प्रत्येक ठिपक्याखाली अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत दिलेले आहेत. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे अकरा सेंटीमीटर, एका वितीच्याही आत. आणि हे आकडे ज्या साधनाने घेतले तो खिशातला फोन मोकळ्या आकाशाखाली पाचएक मीटरपर्यंत चुकतो. बाभळीच्या छायेत त्याहून जास्त. आमच्या रुद्रभूमीत दोन समाध्यांत दोन-तीन पावलांचे अंतर. म्हणजे ठिपका वितीचा विश्वास देतो आणि फुले शेजारच्याच्या समाधीवर वाहिली जातात! काही वास्तववादी कथालेखक पात्राच्या सदऱ्याची बटणे मोजून सांगतात आणि माणूस मात्र चुकीचा उभा करतात, त्यातलाच हा प्रकार.

ह्यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. भूमापनाचा कर्मचारी काय करतो? हद्दीचे दोन पक्के दगड धरतो आणि तिथून फीत लावून प्रत्येक जागा मोजतो. दोन दगडांपासूनची दोन अंतरे मिळाली, जागा कोणत्या अंगाला आहे हे कळले, की तिसरा बिंदू कागदावर आपोआप पक्का होतो. आधी हा कागदाचा नकाशा करायचा, मग फक्त त्या दोन दगडांचे आकाशातले पत्ते चांगल्या यंत्राने घ्यायचे आणि सगळा कागद त्यांवर बसवायचा. समाध्यांची एकमेकींशी असलेली जागा मग चुकत नाही, आणि शोधणाऱ्याला खरी गरज तिचीच असते. तो तिथे आल्यावर आकाशाकडे पाहत नाही. 'कोणाच्या शेजारी, कोणाच्या मागे' असेच विचारतो.

तुलनेसाठी मी ह्या प्रकारातली एक नामांकित कृती पाहायचे ठरवले. ती पुण्याजवळ खडकीला आहे. तिथल्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत आणि त्यांची देखभाल राष्ट्रकुल युद्धकबर आयोग करतो. हा आयोग १९१७ साली स्थापन झाला. जगभर सुमारे सतरा लाख मृतांच्या नोंदी त्याच्याकडे आहेत, आणि त्या कोणालाही घरबसल्या शोधता येतात. नाव लिहा, पलटण लिहा. देश, स्मशान, विभाग, ओळ आणि कबरीचा क्रमांक समोर येतो. संगणकाआधी हीच माहिती छापील वह्यांत असे आणि ती वही स्मशानाच्या दारातच ठेवलेली असे. म्हणजे यंत्र आले ते नंतर. शिस्त आधीच होती.

खडकीला गेलो तेव्हा हिरवळ नुकतीच कापलेली होती. एकसारखे दगड, एकसारखे अंतर. अधिकारी आणि शिपाई ह्यांना एकाच मापाचा दगड द्यायचा, श्रीमंताच्या घरच्यांनाही वेगळे स्मारक उभारू द्यायचे नाही, हा नियम ह्या आयोगाने पहिल्या महायुद्धानंतर केला, आणि तेव्हा त्याविरुद्ध विलायतेत मोठे वादळ उठले होते. नियम उदात्त आहे ह्यात शंका नाही. पण त्या ओळींमधून फिरताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली. ह्या ओळी इतक्या सरळ आहेत, कारण ही माणसे इथे मेलेली नाहीत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या ठिकठिकाणच्या कबरी, जिथे कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथून उचलून त्यांना इथे आणले. नकाशा सोपा व्हावा म्हणून जणू जमीनच नकाशाप्रमाणे मांडली.

आमच्याकडे नेमके उलटे घडले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मृतांचा आकडा मोजणाऱ्याप्रमाणे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान फिरतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आमचे त्यांतलेच. सरळ रस्ते, घरांना क्रमांक, चौकोनी चौक. खडकीला मेलेल्यांना हलवले, इथे जिवंतांना हलवले आणि मेलेले जुन्या पांढरीजवळ राहिले. जुने गाव आता वेड्या बाभळीखाली आहे. ज्या वाटेने माणसे रुद्रभूमीकडे जात ती वाट, जिच्या कोपऱ्यावरून वळत ती वेस, ज्या वाड्याच्या 'पाठीमागे' म्हणत तो वाडा, ह्यांतले काहीच उरले नाही. पत्ता सांगण्याची भाषाच मोडून पडली. माझ्या पुतण्याचा नकाशा नुसता हौसेचा खेळ नाही असे मी म्हणतो ते ह्यामुळे. विशीतल्या मुलांना ती जागा दाखवणारे आम्ही चार-पाच म्हातारे उरलो आहोत.

आणि तरीही त्या नकाशात १९९३ हे साल लिहिले तर काहीच येत नाही! त्या दिवसांत कोणाचा विधी कोणता हे पाहायला कोणाला उसंत नव्हती. सामुदायिक चिता पेटल्या. जमिनीच्या दृष्टीने नकाशा खोटे बोलत नाही, त्या सालची समाधी तिथे नाहीच. पण गावाच्या दृष्टीने ते कोरे उत्तर फार मोठे खोटे आहे. 'सापडले नाही' ह्या दोन शब्दांत 'कोणी मेले नाही' असा ध्वनी निघतो, आणि ध्वनीची जबाबदारी लेखकाला टाळता येत नाही.

ह्या दोषातून खडकीचा तो नामांकित आयोगही सुटलेला नाही, हे वाचून मला विषण्ण वाटले, आणि खरे सांगायचे तर पुतण्याबद्दल थोडी माया वाटली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी लढल्या. तिथे ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा राहिला नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला भव्य स्मारक उभारले. त्याच्या दगडांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या आहे. समान दगडाचा नियम करणाऱ्यांनीच हे केले. एप्रिल २०२१मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल निघाला. निदान १ लाख १६ हजार माणसांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने स्मृती राखली गेली नाही किंवा मुळीच राखली गेली नाही, असे त्यात मान्य केले आहे. ही माणसे मुख्यतः आफ्रिकेतली आणि मध्यपूर्वेतली. ह्याखेरीज आणखी ४५ ते ५४ हजारांची, ज्यांत हिंदी शिपाई पुष्कळ, स्मृती राखली पण असमान रीतीने. आयोगाने क्षमा मागितली. शोधाचे यंत्र कितीही तल्लख असो, वहीत जो लिहिला गेला नाही तो त्याला सापडणार कसा?

ह्याच आयोगाच्या इतिहासात वाङ्मयाच्या वाचकाला चटका लावणारा एक भाग आहे. मुंबईत १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग ह्या आयोगाचा वाङ्मयीन सल्लागार होता. दगडांवरचा मजकूर कसा असावा हे तो ठरवी, आणि त्याचा स्वतःचा एकुलता मुलगा १९१५मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. बाप १९३६मध्ये वारला तोवर कबर सापडली नाही. १९९२मध्ये आयोगाने एका निनावी कबरीवर त्या मुलाचे नाव घातले, आणि ती कबर खरोखर त्याचीच काय ह्यावर जाणकारांत पुढे वाद झाला. पण माझ्या प्रस्तुत विषयाला ह्यातून एक उपयोगी गोष्ट मिळते. नेमकी जागा माहीत नसली तर 'ह्याच स्मशानात कोठेतरी असावा' असे स्पष्ट म्हणणारे वेगळे दगड आयोग उभारतो. अनिश्चितीला त्याच्याकडे जागा आहे. आमच्या पुतण्याच्या तांबड्या ठिपक्याला एकच भाषा येते, ती म्हणजे ठाम.

आता घरचे उदाहरण. ठिकाणे सांगण्याचा एक ग्रंथ मराठीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि त्याकडे आपण वाङ्मय म्हणून पुरेसे पाहिले नाही अशी माझी जुनी तक्रार आहे. महानुभावांची 'स्थानपोथी'. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली तिची प्रत माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, बसले, निजले, ती सर्व स्थाने तिच्यात नोंदलेली आहेत. गावाच्या कोणत्या दिशेला, देऊळ कोणत्या तोंडाचे, दाराच्या कोणत्या अंगाला, अशी ती जागा वाचकाला धरून नेते. आकडा जवळजवळ नाही, वर्णनाचा फुलोरा नाही, तरी वाक्य वाचता वाचता पाय चालू लागतात. भक्तांनी पुढे त्या जागांवर ओटे बांधले, आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला जाणारे महानुभाव यात्रेकरू आजही स्थानांना वंदन करीतच फिरतात. नव्या नकाशाला मी जे मागतो आहे ते हेच. ठिपक्याखाली सहा आकड्यांऐवजी दोन ओळी हव्यात: 'ओढ्याच्या वरच्या अंगाला, मठपतींच्या चौथऱ्यापासून पूर्वेला तिसरी, दगड नाही.' आकडे खुशाल त्यांच्याखाली असू देत.

नांदेडला राहणाऱ्याला तर स्थानाचे माहात्म्य नव्याने सांगायला नको. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, आणि त्या जागेवर महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवून घेतला. तीनशेहून अधिक वर्षे जगभरची माणसे त्या एका जागेचा पत्ता न विचारता तिथे येतात. आणि त्याच शहरात एखाद्या कब्रस्तानात दहा वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाची जागा विचारली तर ती एका गोरकनाच्या डोक्यातच असते.

अशा एका वयस्क गोरकनाकडे मी मुद्दाम गेलो होतो. शबे-बरातला लोक येतात, कबरी झाडतात, दिवे लावतात, तेव्हा ह्यांना क्षणाची फुरसत नसते, म्हणून आडदिवशी गेलो. मी एका परिचिताचे नाव सांगितले. ते म्हणाले, "नाम नक्को साब, तारीख बोलो." तारीख मला ठाऊक नव्हती; पाऊस होता एवढे आठवत होते. "बारिश में? तो वो बाजू," असे म्हणून ते चालू लागले आणि चौथ्या-पाचव्या कबरीशी थांबले. पावसाळ्यात उंचवट्याकडे खणतात, उन्हाळ्यात भिंतीकडे. एका वर्षाच्या कबरी बहुधा लागून लागून असतात. त्यांची सूची नावांची नव्हतीच, ती काळाची होती. एखाद्या ग्रंथालयाला अभिमान वाटावा अशी ती सूची ते डोक्यात घेऊन फिरत होते.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बरीच वर्षे गेली, जागा पुरेनाशी झाली, की जुनी कबर पुन्हा उघडून तिथेच दुसऱ्याला ठेवतात. ह्यात अनादर नाही, मातीचा तो व्यवहार आहे. पण हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की पुतण्याच्या नकाशाची अंतर्रचनाच चुकली आहे. त्याने एक जागा आणि एक नाव अशी गाठ मारून टाकली होती. वाड्यात खोली एक असते आणि भाडेकरू बदलतात. घरमालकाच्या वहीत खोल्यांची यादी वेगळी, माणसांची वेगळी, आणि कोण कोणत्या खोलीत केव्हा आला ह्याची तिसरी. नकाशामागेही ह्या तीन याद्या वेगळ्या हव्यात. त्या असल्या तरच नावाने शोधणारा, सालाने शोधणारा आणि 'हिच्या शेजारी कोण' असे विचारणारा, तिघांनाही उत्तर मिळेल.

नावांच्या शोधाविषयी लिहायचे तर एक स्वतंत्र लेख होईल. मुळात आमच्या गावच्या नोंदी तीन-चार वळणांच्या. निजामाच्या अमलातले कागद उर्दूत, जुन्या वह्या मोडीत, सीमेकडच्या सोयऱ्यांची नावे कानडी वळणाची. शिवलिंगप्पा, शिवलिंगाप्पा आणि शिवलिंग आप्पा ही एकाच माणसाची तीन रूपे. संगणकाला मात्र ते तीन भाऊ वाटतात. उच्चारसाम्यावरून आडनावे एकत्र आणण्याची एक युक्ती अमेरिकेत १९१८ साली एकाने स्वामित्वहक्कासह नोंदवली, आणि पुढे तिथल्या जनगणनेसाठी ती वापरली गेली. पण ती इंग्रजी उच्चारांना बेतलेली. आपल्याला ऱ्हस्वदीर्घ एक मानणारी, न-ण आणि ल-ळ ह्यांत फार कुरकुर न करणारी युक्ती हवी. थोडक्यात, नोंदी तपासणारा शुद्धलेखनाचा मास्तर नको, गावातली कानाने ऐकणारी म्हातारी हवी.

इथवर मी तटस्थ होतो. आता नाही.

नकाशा हाती आल्यावर मी सर्वांत आधी काय केले असेल ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मी माझ्या आईचे नाव लिहिले. ती १९६८च्या श्रावणात गेली, मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. उत्तर आले, 'सापडले नाही'. माहेरचे नाव लिहिले, नाही. मग वडिलांचे नाव लिहिले, तर त्यांचा ठिपका आला आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'पत्नी' एवढेच होते. पुतण्याने जी वही उतरवली ती जुन्या ग्रामपुढाऱ्यांची, तिच्यात बायकांना नावेच नव्हती. असे किती जणींचे झाले ते मी मग बोट लावून मोजले. नकाशातले एकशे चौदा ठिपके पुरुषांचे आणि एकोणीस बायकांचे, त्या एकोणिसांतल्या अकरा जणी 'पत्नी' किंवा 'मातोश्री'. बायका अमर असतात असे ह्या नकाशावरून कोणाला वाटले तर त्याचा दोष नाही. बसऱ्याच्या दगडावर शिपायांची संख्या तरी आहे.

आणि तो ठिपका जागेच्या दृष्टीनेही चुकलेला आहे. वडील पुढे पंचवीस वर्षांनी गेले, ते शेतात आहेत. आई रुद्रभूमीत आहे. पाऊस इतका होता की शेतापर्यंत जाता आले नाही, हे मला स्वच्छ आठवते. ओढ्याच्या वर, एका निंबाखाली. तो निंब भूकंपानंतर कोणीतरी तोडला. मी गेल्या मार्गशीर्षात पुतण्याला घेऊन तिथे गेलो. अर्धा तास बाभळीतून फिरलो. रानात शेळ्या चारणारी एक म्हातारी लांबून म्हणाली, "काय शोधलालाव बाबा?" मी सांगितले. ती म्हणाली, "निंब व्हय? निंब तर दोन व्हते की."

दोन होते हे मी विसरलो होतो.

पुतण्याने मग मला विचारले, "काका, ठिपका कुठं ठेवू?" मी म्हणालो, ठेवू नकोस. दोन निंबांच्या बुंध्यांमधला सगळा पट्टा हलक्या रंगाने भर, आणि लिही, इथे कोठेतरी. सांगणारा मुलगा, वय त्या वेळी चौदा. तो म्हणाला, शोधाच्या यंत्राला बिंदू लागतो, पट्टा कळत नाही. मी म्हणालो, मग यंत्राला शिकव.

त्याला तीन महिने लागले. आता आईचे नाव लिहिले की ओढ्याच्या वर एक फिकट पिवळा पट्टा उजळतो आणि त्याखाली ती ओळ येते. नाव मात्र अजून एकाच रूपाने लिहावे लागते. काना चुकला तर ती सापडत नाही. ते काम त्याने दिवाळीनंतरच्या सुट्टीवर टाकले आहे, आणि 'पत्नी' म्हणून नोंदलेल्या इतर दहा जणींची नावे विचारायला आम्ही दोघे तेव्हाच नव्या गावात घरोघर जाणार आहोत.